धाकटीचा मान

कौलघरात शिरताना वैजयंती परबने चपला काढल्या नाहीत. शशांक कुडतरकरने ते पाहिलं. सात वर्षं नवरा-बायको म्हणून एका छपराखाली काढलेल्या माणसांना एकमेकांच्या रागाच्या वाटा पाठ असतात. त्याने फक्त कौलाच्या यंत्रावरचं कापड जरा जोरात ओढलं.

"तपासायला आलात ना? तपासा."

पूर्वी तो तिला वैजू म्हणायचा. आता 'तुम्ही' आलं होतं, आणि ते आदराचं नव्हतं.

खिडकीबाहेर शुक्राचे ढग पिवळे, साईसारखे दाट पसरले होते. खाली जमीन होती म्हणतात. शिसं वितळेल अशा त्या भट्टीत कुणी उतरलं नव्हतं. माणसं राहत होती ती इथे, वरच्या ढगांत. शुक्राची हवा इतकी जड, की पृथ्वीची साधी श्वासाची हवा तिच्यात फुग्यासारखी वर येते. एका मोठ्या आवरणात ती हवा कोंडायची, आत घरं बांधायची, आणि वस्ती आपल्याच श्वासावर तरंगत राहायची. अशा तीन तरंगवस्त्या दोरांनी आणि झुलत्या पुलांनी एकमेकींना बांधलेल्या होत्या. पहिली आली ती थोरली, मग मधली, मग धाकटी. तिघी बहिणी एका दाव्याला, आणि तिघींची तोंडं तीन दिशांना.

ढगांत आम्लाची भुरभुर अखंड चाले. तिने तिन्ही आवरणं आरपार दिसेपर्यंत झिजवली होती. पृथ्वीवरून नवं आवरण आलं होतं ते एकच, आणि पुढचं जहाज चौदा वर्षांनी. आवरण एका वस्तीला पुरणार होतं. तिथे तिघींची माणसं दाटीवाटीने जगतील. उरलेल्या दोन वस्त्या रिकाम्या करून ढगांत सोडून द्यायच्या. राखायची कोणती, ते आठ दिवसांनी कौल लावून ठरायचं होतं.

वैजयंती तिन्ही वस्त्यांत राज्यशास्त्र शिकवायची. राज्य म्हणजे काय, त्याचे घटक किती, सत्ता आणि अधिमान्यता, म्हणजे लोकांनी मनाने मान्य केलेला अधिकार, यांत फरक काय, ही पहिली पायरी तिने दोन पिढ्यांना चढवली होती. 'भूप्रदेश' हा शब्द आला की वर्ग हसायचा. आपल्याकडे कुठला भूप्रदेश, बाई? तिन्हीकडे शिकवते म्हणून तर सनदेने, म्हणजे वस्त्यांच्या करारनाम्याने, तिला पंच नेमलं होतं. कौल निःपक्षपाती आहे अशी तिची सही लागे.

"हात द्या," शशांक म्हणाला.

त्याने तिच्या मनगटावर कौलकडं चढवलं. धातूचं, बोटभर रुंद, त्यावर दोन बारीक दिवे.

"नाचणीची भाकरी. तांदळाची भाकरी."

डावा दिवा लागला. नाचणी.

"तुम्ही काही बोलला नाहीत. बोलला असतात तरी उपयोग नव्हता. दोन नावं कानावर पडली की मन एकीकडे कलतं, आणि तो कल नाडीत उतरतो. माणूस जिभेने खोटं बोलेल, नाडीने नाही. धाक नाही, लाच नाही, डावपेच नाही. फक्त तीन नावं एकदम घेतली तर नाडी गोंधळते, म्हणून दोन-दोन पुकारायची." त्याने थांबून तिच्याकडे पाहिलं. "मधली. थोरली."

उजवा दिवा झटकन लागला. थोरली.

वैजयंतीने हात ओढून घेतला. चेहऱ्यावर रक्त चढलं ते तिला कळलं. साथीच्या वर्षी मधलीने आपल्या बाजूचा झुलता पूल उचलून घेतला होता. धाकटीची बारा आजारी माणसं अर्ध्या वाटेत दोरांवर लोंबत राहून मेली, मधलीचा दवाखाना हाकेवर असताना. त्यांत तिची आई होती. थोरलीचा, सुटलेल्या सासरचा, तिला राग होता, शशांकचा तर होताच. पण मधलीचं नाव आलं की मनाचं दार आपोआप बंद व्हायचं.

"यंत्र उत्तम आहे," तो म्हणाला. "लोकेच्छा आता अंदाजाची गोष्ट राहिली नाही. मोजायची झाली."

"माणसाची इच्छा मोजलीत. लोकांची नाही."

"बेरीज केली की झाली लोकांची."

"असं तुम्हा यंत्रवाल्यांना वाटतं." तिच्यातली शिक्षिका जागी झाली, आणि ती जागी झाली की वैजयंतीला आवरत नसे. "तीन भावंडं, चूल एक. काय करायचं? घावणे, आंबोळी की शिरवाळे? मोठ्याला घावणे आवडतात, नाही तर आंबोळी, शिरवाळे अजिबात नकोत. मधल्याला आंबोळी, नाही तर शिरवाळे, घावणे नकोत. धाकट्याला शिरवाळे, नाही तर घावणे, आंबोळी नको. आता बेरीज करा. घावणे की आंबोळी?"

"मोठा आणि धाकटा घावण्यांकडे. घावणे."

"आंबोळी की शिरवाळे?"

"आंबोळी. मोठा आणि मधला."

"मग घावणे सगळ्यांत वर, शिरवाळे सगळ्यांत खाली. बरोबर? आता तेच दोन समोर ठेवा. शिरवाळे की घावणे?"

शशांकने बोटं मोजली, आणि त्याच्या कपाळावर आठी आली. "शिरवाळे. मधला आणि धाकटा."

"बघा. फुगडी. प्रत्येकाचं मन सरळ आहे, कुणी खोटं बोललेलं नाही, तरी तिघांचं मिळून मन नुसतं गरगरतं. त्याला वर-खाली नाहीच."

"पण माझ्या यंत्रातून उत्तर येईल. पहिल्या दोन नावांत एक पडतं, उरलेलं तिसऱ्याशी लढतं. सनदेत आहे, पडलेलं नाव पुन्हा पुकारायचं नाही. एक नाव राहतंच."

"राहतं ना. पण ते लोकांनी निवडलेलं नसतं, क्रमाने निवडलेलं असतं. कोणती दोन नावं आधी पुकारली आणि कोणतं मागे ठेवलं, त्यावर सगळं. जे नाव मागे—"

ती थांबली.

वाक्य जिभेवरच राहिलं, आणि डोक्यात घावणे-आंबोळीच्या जागी तीन वस्त्या येऊन बसल्या. थोरलीच्या माणसांना थोरली हवी. ती नाही तर मधली, कारण त्यांच्या लेकी तिथे दिलेल्या. मधलीच्या माणसांना मधली. ती नाही तर धाकटी, कारण थोरलीने एकदा अकरा दिवस त्यांचं पाणी तोडलं होतं. आणि धाकटीच्या माणसांना धाकटी. ती नाही तर थोरली, कारण तो पूल. तिघींची संख्या जवळपास सारखी. हुबेहूब फुगडी.

आणि फुगडीत जे नाव शेवटी पुकाराल तेच जिंकतं. आधीच्या दोघी एकमेकींशी लढतात, आणि नेमकी तीच उरते जिला तिसरी हरवू शकते. कुठलंही नाव शेवटी ठेवा, दर वेळी हेच.

"क्रम कसा लावणार आहात?" तिने जमेल तितक्या कोरड्या आवाजात विचारलं.

"कसा म्हणजे? सनदेप्रमाणे. मानाप्रमाणे. थोरली, मधली, मग तुमची धाकटी." तो हसला. "तुमचं नाव कधी आधी आलंय?"

जहाज आलं की पृथ्वीची पत्रं आधी थोरलीला. सणाचा दिवा आधी थोरलीत. लग्नाच्या पंगतीत धाकटीचं पान शेवटचं, आणि तिथवर येईतो वाढप्याच्या हातात नुसतं पातेलं. हे सगळं तिने सोसलं होतं. लहानपणी ती त्यावरून रडली, की आई मांडीवर घेऊन म्हणायची:

शेवटल्या पंगतीला बसे धाकुली लेक माझी
तिच्या गं ताटामंदी खरवड दुधाची ताजी

वैजयंतीने लेखणी उचलली. 'यंत्र तपासले. पुकारण्याच्या क्रमास माझी हरकत नाही.' खाली सही केली. सही नेहमीसारखीच वळणदार आली, याचं तिला नंतर फार वाईट वाटलं.

"तुमचं वाक्य राहिलं," शशांक म्हणाला.

"राहू दे."

ती गेल्यावरही तो बराच वेळ त्या दोन दिव्यांकडे बघत बसला होता, हे तिला कळायला आठ दिवस लागले.

धाकटीत पोचली तर सभा भरलेली. मध्ये तिचा धाकटा भाऊ विश्राम उभा होता. तो आवरणाला ठिगळं लावायचा. दोराला लटकून बाहेर जायचा, आणि आम्लाने त्याचे हात कोपरापर्यंत भाजल्यासारखे झाले होते. त्या हातांमुळेच लोक त्याचं ऐकत. त्याची मागणी साधी होती. जगण्या-मरण्याचा कौल आहे, तर या खेपेला धाकटीचं नाव पहिलं पुकारलं पाहिजे. मानाचा नारळ धाकटीच्या हातात आला पाहिजे. पहिल्या जहाजातून आलेला तो नारळ नव्वद वर्षं वाळून खडखडत होता. तो कुणी फोडत नसे. पुकारा होईपर्यंत पहिल्या नावाच्या मानकऱ्याने मांडीवर घेऊन बसायचं, एवढंच. धाकटीच्या माणसाने त्याला कधी बोटही लावलं नव्हतं. नारळ मिळत नसेल तर एकही हात कड्यात जाणार नाही, असा ठराव झाला.

वैजयंती उठली आणि म्हणाली की शेवटचं नाव असू दे, त्यात नुकसान नाही. का, ते तिला सांगता येईना. सभेत थोरलीहून आणि मधलीहून आलेल्या सुना बसल्या होत्या; इथे शिंकलं तर तिथे कळायचं. कारण न सांगता केलेल्या विनवणीचं जे होतं तेच झालं. मागून कुणी म्हणालं, थोरलीचं वारं अजून उतरलेलं नाही. दुसरी म्हणाली, नांदली नाही तरी सासर गोडच लागतं हो. हशा झाला, आणि हसणाऱ्यांत तिचे जुने विद्यार्थी होते.

सभा पांगल्यावर तिने विश्रामला सुरंगीच्या झाडाखाली गाठलं. पृथ्वीवरून आणलेल्या आठ टोपल्या मातीत आईने लावलेलं झाड. तिन्ही वस्त्यांत मुळं धरलेलं तेवढं एकच होतं, आणि ते हलवलं तर मरणार हे नक्की होतं. फांद्यांना फुलं चिकटून बसली होती, मधाच्या वासाची. तिने त्याला सगळं समजावलं. तीन फुलं ओळीत ठेवून, उचलून, पुन्हा ठेवून. तो अडाणी नव्हता. दुसऱ्या खेपेला त्याला कळलं.

"म्हणजे शेवटी बसलं तर आपण जिंकतो."

"हो."

"आणि पहिलं नाव आलं तर?"

"पहिल्याच फेरीत पडतो. थोरली-मधली एक होतात."

विश्रामने एक फूल चिमटीत चुरडलं. "ताई, तीन पिढ्या थोरलीची माणसं आपल्याला हेच सांगत आलीत. मागे बसा, त्यात तुमचं हित आहे. आणि आज तू येऊन तेच सांगतेस, वर फुलं मांडून."

"त्यांनी खोटं सांगितलं. मी गणित सांगतेय."

"हे गणित मी चौकात सांगू? सांगितलं तर संध्याकाळपर्यंत थोरलीला कळेल. नाही सांगितलं आणि नुसतंच म्हटलं, की चला, मागे बसू, तर ही माणसं माझं काय करतील?" त्याने भाजलेले हात पुढे केले. "यांच्यावर माझी पत नाही. त्या नारळावर आहे. तू शिकवतेस ना, कसली ती... अधिमान्यता. ती मला त्या मागणीने दिली. मागणी सोडली की मी नुसता ठिगळवाला."

"वस्ती जाईल, विश्राम. हे झाड जाईल."

"थोरली तरी कुठे मान सोडतेय? ते अडतील, कौल लांबेल, तोवर बघू." मग तो जरा थांबला आणि तिच्याकडे न बघता म्हणाला, "हे डोकं तुझं, की शशांकचं?"

तिने मांडलेली फुलं गोळा केली आणि ती उठली. थोरली मान सोडणार नाही, एवढ्या एका गोष्टीवर भाऊ-बहिणीचं एकमत होतं, आणि तिने त्या गोष्टीवरच भिस्त ठेवली. बाबल देसाई हा थोरलीचा मानकरी. लग्नात अक्षता आधी कुणी टाकल्या यावरून त्याने सख्ख्या साडूशी वीस वर्षं बोलणं टाकलं होतं. असा माणूस नारळ सोडतो होय?

कौलाच्या दिवशी तिन्ही वस्त्या थोरलीच्या मांडावर, सभेच्या मोकळ्या जागेत, जमल्या. अकराशे एकाहत्तर मनगटं, तितकीच कडी. वर झिजलेल्या आवरणातून ढगांचा उजेड सगळ्यांना कावीळ झाल्यासारखा रंगवत होता. कुणी कुणाशी बोलत नव्हतं. मधलीच्या बायकांनी धाकटीच्या बायकांना पाहून पदर सावरून घेतले, जणू विटाळ होईल.

विश्राम पुढे झाला. धाकटीचं नाव पहिलं पुकारा, नाही तर आम्ही उठलो. मागे ढोलवाले तयार उभे होते.

थोरलीच्या बाजूने शिव्यांचा लोट उठला. कुणीतरी चप्पल फेकली. बाबल देसाई नारळ मांडीवर घेऊन डोळे मिटून बसला होता. वैजयंतीला वाटलं, आता हा उठेल, ओरडेल, नाही म्हणेल. म्हण, बाबा, नाही म्हण.

बाबल उठला. थेट विश्रामपाशी गेला आणि नारळ त्याच्या हातात ठेवला.

"लहानाने हट्ट करावा, थोराने तो पुरवावा. घ्या. पहिलं नाव धाकटीचं, दुसरं मधलीचं. आम्ही मागे बसतो. आमचं काय, शेवटचं पान आम्हाला वाढा."

मग धाकटीचे ढोल असे फुटले की आवरण थरथरलं. म्हातारी माणसं रडली. विश्रामने नारळ डोक्यावर धरला, आणि त्याच्या भाजलेल्या हातांकडे बघून बायकांनी कानशिलांवर बोटं मोडली.

वैजयंतीने बाबलकडे पाहिलं नाही. त्याच्या मागे पाहिलं. शशांक उभा होता, आणि यंत्राकडे नव्हे, तिच्याकडे बघत होता. आठ दिवसांपूर्वी अर्धवट राहिलेलं वाक्य त्याने पुरं केलं होतं.

ती मांडाच्या मधोमध जाऊन उभी राहिली. ढोल थांबेपर्यंत हात वर धरून राहिली. मग तिने सांगितलं, वर्गात सांगते तितकं सोपं करून. की हा कौल लोकांचा नाही, क्रमाचा आहे. जी शेवटी ती जिंकणार. आज धाकटी शेवटी असती तर धाकटी जिंकली असती, मधली असती तर मधली. यातून निघेल त्याला लोकेच्छा म्हणू नका.

बाबल देसाईने शांतपणे खिशातून कागद काढला. "ही सही कुणाची?"

उत्तराची वाट न बघता त्याने कागद वाचून दाखवला.

"'पुकारण्याच्या क्रमास माझी हरकत नाही.' थोरली पुढे आणि धाकटी मागे होती तेव्हा क्रमात खोट नव्हती. आज उलटं झालं, तर खोट आली." तो वळून सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलला, पण आवाज चढवला नाही. "बाई, हा धडा तुम्हाला आजच आठवला? आठ दिवसांपूर्वी का नाही दिलात?"

मधलीतून हशा उठला. तो तिने सोसला असता. पण धाकटीतून आवाज आला, "मान मिळाला तर थोरलीच्या सुनेला खुपतोय." आणि मग विश्राम, नारळ छातीशी धरून, खालच्या आवाजात म्हणाला, "ताई, बस खाली."

त्याला सगळं माहीत होतं. तरी तो म्हणाला. चारशे माणसं त्याच्याकडे बघत होती, आणि नारळ हातात आलेला माणूस तो परत कसा देणार?

ती बसली.

"धाकटी. मधली."

कड्यांवर दिवे लुकलुकले. मधलीकडे सातशे शहाण्णव, धाकटीकडे तीनशे पंचाहत्तर. धाकटीचं नाव पडलं. एका ढोलकऱ्याची टिपरी हवेतच राहिली. विश्रामने नारळाकडे पाहिलं, जणू तो आतून काही बोलेल.

"मधली. थोरली."

वैजयंतीने डोळे मिटले. तिने जोर लावून ठरवलं, मधली. पूल विसरायचा. दोरावर लोंबणारी आई विसरायची. थोरली जिंकायला नको, त्या माणसाचं गणित जिंकायला नको. मधली, मधली, मधली. ती मंत्रासारखं घोकत राहिली. डोळे उघडले तेव्हा मनगटावरचा उजवा दिवा लख्ख लागलेला होता. थोरली. आजूबाजूला धाकटीच्या मनगटांवर तोच दिवा. कुणी फितूर नव्हतं, कुणी खोटं बोललं नव्हतं. सातशे एक्याऐंशी. धाकटीने आपल्या खऱ्या मनाने थोरलीला गादीवर बसवलं होतं.

त्यानंतर ढगांतला उजेड पार उतरेपर्यंत ती सुरंगीखाली बसून होती. विश्राम आला, थोड्या अंतरावर बसला. नारळ परत करायचा राहून गेला होता. तो त्याने मातीत ठेवला. आईला राज्यशास्त्राचा एक शब्द येत नव्हता, असं वैजयंतीच्या मनात आलं. फक्त शेवटच्या पानात काय पडतं ते तिने पाहिलेलं होतं.

थोरलीचा निरोप्या पूल ओलांडून आला. नवं आवरण उद्या चढणार. जुन्या वस्त्या रिकाम्या करायचा तक्ता त्याने दोन्ही हातांनी पुढे केला. पोरगेलासा, नम्र होता. कधीतरी तिच्या वर्गात पुढच्या बाकावर बसलेला.

"कुणी आधी निघायचं, यावरून भांडण नको म्हणून बाबलकाकांनी तक्ता मानाप्रमाणे लावलाय, बाई," तो म्हणाला. "पहिलं नाव तुमचं."